गच्चीवरचं बेट

किडेमास्तरांनी गच्चीवरच्या खोलीत मुक्काम हलवला तेव्हा त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. कॉलेजात शिकवण्यात आणि सुट्ट्यांत बेटाबेटांवर भुंगेरे मोजण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून गल्लीने हे नाव बहाल केलेलं. आता निवृत्तीनंतर बेटांवरचं पुस्तक लिहायचं होतं आणि त्यासाठी शांतता हवी होती. खाली लेक, जावई, दोन नाती आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही.

"बेट जितकं लहान, तितक्या जाती कमी टिकतात," उशी काखोटीला मारत त्यांनी बायकोला ऐकवलं. "आणि जितकं लांब, तितक्या कमी पोचतात. वरची खोली लहान आणि लांब, दोन्ही आहे. कोणी फिरकायचं नाही बघ!"

"जा बाई एकदाचे," बायको म्हणाली. "माझे गुडघे असे, मीही काही वर यायची नाही."

नियम अगदी चोख निघाला. पहिल्या दिवशी नाती आल्या. खोलीत चेंडू टाकायलासुद्धा जागा नाही म्हटल्यावर पळाल्या. जावई डोकावला, "छान आहे हो" म्हणाला आणि गेला. लेक जेवण घेऊन यायची, पण बाबांच्या लिखाणात व्यत्यय नको म्हणून तिने गच्चीवरून दोरीला टोपली सोडायची सोय करून दिली. आता जेवण एकटंच वर यायला लागलं.

पुस्तक मात्र पहिल्याच पानावर अडलं होतं. खालून हसण्याचा आवाज आला की मास्तर पेन ठेवून कान टवकारायचे. खरं सांगायचं तर त्यांना अजिबात करमत नव्हतं. पण एवढ्या फुशारक्या मारून झाल्यावर खाली जायचं कुठल्या तोंडानं?

एका सकाळी जिन्यात "आई गं, आई गं" ऐकू आलं. धापा टाकत बायको आत आली आणि तिने खोलीभर नजर फिरवली.

"किती जाती जमल्या?"

"मुंग्या. कोळी. एक पाल. आणि मी."

"पाल बोलते का तुमच्याशी?"

मास्तरांना चष्मा पुसावा लागला. बायको त्यांच्या एकुलत्या एका खुर्चीत ठाण मांडून बसली.

"बेट भरलेलं असताना नवी जात आली, तर काय होतं म्हणता तुम्ही?"

"जुन्यातली एखादी नाहीशी होते," मास्तर सवयीने म्हणाले.

"झालं तर मग. मी आलेय. पाल काही हलायची नाही, मुंग्यांचं तर केवढं खटलं. उरलं कोण?"

मास्तरांनी निमूटपणे उशी काखोटीला मारली. "आणि तू इथे राहणार?"

"मी कशाला? खुर्चीत बसू दे पालीला. हात द्या, चढले तसं उतरता येणार नाही मला."

पहिल्याच पायरीवर मास्तर म्हणाले, "तुझी फार आठवण यायची गं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर गुडघ्यांचं ऐकलं नाही."