नाकाड्याची रेघ

मित्रांनो, माझ्या नाकावरून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. प्लास्टिकच्या शीटवर रेघ ओढणारा मी एक जुना कटर आहे आणि माझं नाव नाकाड्या. नाव ठेवलं आत्यानं. ती इमारतींची छोटी मॉडेलं करायची. एकदा लोखंड कापायच्या करवतीचं पातं मोडलं आणि ते फेकायला तिचा जीव होईना. घासून घासून तिनं त्याला बाकदार नाक काढलं, मागे कापडी पट्टी गुंडाळली आणि मी जन्मलो.

खरं सांगतो, मी कापत नाही. पोलादी पट्टीला टेकून एकाच रेघेवरून मला आठ-दहा वेळा ओढायचं. दर वेळी प्लास्टिकची बारीक साल निघते. मग ती रेघ टेबलाच्या कडेवर आणायची आणि शीट दाबायची. टक्! आत्या त्या सरळ कडेवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "शाब्बास रे माझ्या नाकाड्या!" वीस वर्षं मी त्या शाब्बासकीवर जगलो.

पुढे आत्याचे हात थरथरू लागले आणि काम भाचीकडे आलं. पोरगी गुणी, पण घाई पाचवीला पुजलेली. तिनं विजेची करवत आणली. त्याचा राग नाही हं. वळणाचं काम करवतीनंच करावं, आणि अगदी पातळ शीटला कागदाचा कटरही पुरतो. पण मला रंगाचे डबे उघडायला वापरलं हो! टोक बोथट झालं, अंगावर गंज चढला. फार वाईट वाटलं.

परवा भाचीचं पहिलं स्वतंत्र काम द्यायचं होतं, पोहण्याच्या तलावाचं मॉडेल. दुपारी तीनला माणसं न्यायला येणार होती. पाण्यासाठी निळ्या शीटचे तीनच तुकडे होते आणि तो रंग आता दुकानात मिळत नाही. करवत घोंघावत पुढे गेली, प्लास्टिक तापून वितळलं आणि पात्यामागे पुन्हा चिकटून बसलं! भाची ओढून सोडवायला गेली, तर तडा. दुसऱ्या तुकड्याचंही तेच. उरला एक.

"आत्या, माझी पार फजिती झाली गं," भाची रडवेली झाली.

खुर्चीतून आत्यानं विचारलं, "नाकाड्या कुठाय?"

"त्यानं मी डबे उघडते..."

"अगं बाई! कारागिराला हमाली लावलीस? आण इकडे. आधी दगडावर धार लाव. मग हलक्या हातानं ओढ. जोर नको, फेऱ्या मोज."

एक, दोन, तीन... पाचव्या फेरीला भाचीनं जोर लावला आणि माझं नाक घसरता घसरता राहिलं. "हळू!" आत्या ओरडली. दहा फेऱ्या झाल्या. शीट टेबलाच्या कडेला आली आणि भाचीचा धीर सुटला.

"तू मोड ना, आत्या. माझ्यानं नाही होत."

"माझे हात बघ कसे थरथरतात."

"मी वरून धरते."

खाली आत्याचे हात, वर भाचीचे. दोघींनी मिळून दाबलं. टक्!

आत्यानं कडेवरून बोट फिरवलं. मी नाक वर करून वाट बघत होतो. ती म्हणाली, "शाब्बास गं माझ्या पोरी!"

बरं, या वेळी जाऊ दे म्हटलं.

तीनला तलाव गेला. भाचीनं मला पुसलं, तेलाचं बोट लावलं, पट्टीशेजारी खिळ्याला टांगलं. "चुकलं रे माझं, नाकाड्या," हळूच म्हणाली. डब्यांसाठी आता एक जुना चमचा आहे. मित्रांनो, तुमच्याही खणात कुणी नाकाड्या गंजत पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा आणि विचारा, बाबा रे, तुझं खरं काम कोणतं?