उंबऱ्याच्या आतलं सगळं

बाजारात त्यांना सगळे उक्तेशेठ म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. बंद पडणाऱ्या दुकानातला माल ते उक्ता घेत, म्हणजे न मोजता, न निवडता, एका बोलीत. त्यावरून ते नाव पडलं आणि इतकं चिकटलं की पुढे बँकेतला साहेबसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारू लागला.

त्यांची पद्धत ठरलेली होती. एखादा दुकानदार थकला किंवा त्याचं गिऱ्हाईक तुटलं की तो शेठना निरोप पाठवी. शेठ यायचे, पण दुकानात पाऊल टाकायचे नाहीत. दारातूनच एकदा आत नजर फिरवायची आणि आकडा सांगायचा. पटला तर चौकटीवर हात ठेवून म्हणायचं, "उंबऱ्याच्या आतलं सगळं माझं, बाहेरचं तुमचं." मग दुकानदाराने बाहेर येऊन कुलूप लावायचं आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायची. त्यानंतर आत जे राहिलं ते राहिलं. एका शिंप्याचा चष्मा असाच आत राहिला. दुसऱ्या दिवशी तो चाचपडत मागायला आला, तेव्हा शेठनी चष्मा दिला, पण विक्रीच्या दराने त्याचे पैसे घेतले.

"अहो, माझाच चष्मा मलाच विकता?" शिंपी म्हणाला.

"आज चष्मा सोडला तर उद्या लोक शिलाई मशीन विसरतील," शेठ म्हणाले.

स्वतःच्या तोट्यातही ते हा नियम पाळत. खोक्यांच्या मागे काय निघालं याबद्दल पुन्हा तक्रार करायची नाही. एकदा उंदरांचं अख्खं कुटुंब निघालं. एकदा पोतंभर बूट निघाले, तेही सगळे डाव्या पायाचे. ते त्यांनी दाराशी ढीग घालून विकले. कोणी घेतले आणि कशाला, हे विचारायचं नाही. हमाल, टेम्पोवाले, दलाल, सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसाचा शब्द फिरत नाही. शिक्षण बेताचं, भांडवल त्याहून बेताचं. धंदा उभा राहिला तो या शब्दावर.

पहिलं दुकान एका गॅरेजात होतं. फरशीवरचा तेलाचा डाग कितीही घासला तरी गेला नाही, तेव्हा त्यावर बादल्यांचा ढीग घातला. दारावर पाटी होती, 'कोणतीही वस्तू घ्या, भाव एकच.' कंगवा, गाळणी, कुलूप, खेळण्यातली गाडी, पायपुसणं, सगळं एका भावात. लोक कंगवा घ्यायला यायचे आणि दोन्ही हात भरून बाहेर पडायचे. घरी गेल्यावर लक्षात यायचं की कंगवा राहिलाच. मग पुन्हा यायचे.

दुसरं दुकान निघालं, मग तिसरं. त्यानंतर मोजायचं काम शेठच्या मुलीकडे गेलं. ती शिकून आली होती. तिने ढीग काढून मांडण्या लावल्या, कामावरच्या पोरींना लाल सदरे दिले आणि गिऱ्हाईक आलं की हसायचं, असा कागद भिंतीला चिकटवला. वाढण्याची रीत मात्र जुनीच राहिली. एका रस्त्यावर नवीन शाखा उघडली की वर्षा-दोन वर्षांत आसपासची लहान दुकानं बसायची. त्यांचा माल शेठ उक्ता घ्यायचे, आणि तोच माल पुढच्या रस्त्यावरच्या शाखेत जायचा. एका चुलीतला निखारा घेऊन दुसरी चूल पेटवावी, तसं ते चाललं होतं. त्यात कोणाला वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. पैसे रोख मिळत, चहा मिळे, खोटं कोणी बोलत नसे.

शेठना एक थोरली बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत. आई लवकर गेल्यामुळे तिनेच धाकट्या भावाला वाढवलं, आणि त्या पहिल्या गॅरेजची फरशीही तिनेच घासली होती. अक्काच्या नवऱ्याचं, म्हणजे शेठच्या दाजींचं, कपबश्यांचं दुकान होतं. दुकान लहान, दाजी मोठे. ते खुर्चीत बसले की मागच्या दोन फळ्या दिसत नसत. गिऱ्हाइकाने कप उचलला की दाजी तो काढून घेत, नखाने टिचकी मारून आवाज ऐकत, आणि पुष्कळदा म्हणत, "हा नका घेऊ. याचा कान आज ना उद्या हातात येईल." गिऱ्हाईक खूश होऊन रिकाम्या हाताने जाई. त्या दुकानाने दोघांचं पोट भरलं, पण त्याला कधी ढेकर आली नाही.

दाजींच्या दुकानासमोर एक चपलांचं गोदाम होतं. एके दिवशी त्याला रंग लागला आणि दारावर पाटी चढली, 'भाव एकच.' अक्काला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पाटी वाचली आणि पायातल्या घरच्या सपाता न बदलता ती भावाच्या कचेरीत गेली.

"कुंपणानेच शेत खायला घेतलं का रे?" ती दारातूनच म्हणाली.

शेठ उठून उभे राहिले. "अक्का, बस आधी. जागा शोधायचं काम आता हिच्याकडे असतं."

मुलगी समोरच बसली होती. ती म्हणाली, "आत्या, त्या जागेवर आम्ही नाही उघडलं तर दुसरं कोणीतरी उघडेलच."

"मग उघडू दे की दुसऱ्याला! त्याला शिव्या तरी मोकळेपणी देता येतील मला. तुम्हाला दिल्या तर माझ्याच माहेराला लागतात."

मुलगी हसली. शेठ हसले नाहीत.

"दाजींना काही कमी पडू देणार नाही मी," ते म्हणाले. "दर महिन्याला घरी पाकीट येईल."

"पाकीट कोणी मागितलं?" अक्का खाली बसली. "पोट काय, माझ्या शिवणकामावरही भरेल. पण हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे? लग्न झाल्यापासून आंघोळ करून, भांग पाडून, डबा घेऊन जाताना बघते मी त्यांना. मध्ये पाय मोडला तेव्हा चार आठवडे घरी होते. पहिल्या आठवड्यात माझ्या डब्यांना झाकणं बरोबर बसतात का ते बघितलं. दुसऱ्या आठवड्यात बोलायचे थांबले. शेवटी शेवटी तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दुकान गेलं तरी चालेल रे मला. माणूस नको जायला."

शाखा ठरलेल्या दिवशी उघडली.

दाजींनी रागबिग काही धरला नाही. उलट समोर गर्दी झाली की ते खुर्ची दाराशी ओढून बघत बसायचे. हळूहळू त्यांचं गिऱ्हाईकही रस्ता ओलांडून गेलं. काही ओळखीच्या बायका तिकडून घेतलेला कप दाखवायला त्यांच्याकडे यायच्या. दाजी टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, त्या भावात ठीक आहे." पुढच्या वर्षी घरमालकाने भाडं वाढवलं, आणि अक्कानेच भावाला निरोप पाठवला की माल उचलून न्या.

एवढ्याशा दुकानासाठी शेठ आता स्वतः जात नसत. बहिणीचा मान म्हणून ते आले. मुलगीही आली. दलाल होता, दोन हमाल होते, टेम्पोवाला विडी ओढत उभा होता. अक्का रस्त्यावर उभी होती. दाजी आत खुर्चीत होते.

शेठनी दारातून आत बघितलं, पण नेहमीइतका वेळ नाही. आकडा सांगितला तो मालाच्या मानाने फारच मोठा होता.

"पटला," अक्का म्हणाली.

शेठना तिथून लवकर निघायचं होतं. त्यांनी चौकटीवर हात ठेवला आणि सवयीने म्हणून टाकलं, "उंबऱ्याच्या आतलं सगळं माझं, बाहेरचं तुमचं."

बोलून झालं आणि अक्काने सरळ दार ओढून घेतलं. कडी लावली, कुलूप घातलं, आणि किल्ली भावाच्या तळहातावर ठेवली.

"अक्का, अगं दाजी आत आहेत!"

"दिसतंय मला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तूच म्हणालास ना, आतलं सगळं. मी काही निवडून काढलेलं नाही. जुनं आहे, थोडं हललंय, पण कुठे चीर नाही. घेऊन जा."

टेम्पोवाल्याला हसताना ठसका लागला. आतून दाजींचा आवाज आला, "अगं, काय चाललंय? दार का लावलं?"

"काही नाही हो, विकलं तुम्हाला," अक्का ओरडली. "बसून राहा!"

मुलगी पुढे झाली. "आत्या, चेष्टा पुरे. माणूस काय मालात येतो का?"

"ते तुझ्या बापाला विचार. शिंप्याचा चष्मा येत होता तो."

शेठनी एकदा हमालांकडे बघितलं, मग दलालाकडे. हे सगळे संध्याकाळपर्यंत बाजारभर सांगणार होते. काय सांगतील, एवढंच ठरायचं बाकी होतं. त्यांनी कुलूप उघडलं, आत जाऊन दाजींना हाताला धरून उठवलं आणि बाहेर आणून स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. खुर्ची टेम्पोत गेली.

"उद्या सकाळी गाडी येईल त्यांना न्यायला," ते बहिणीला म्हणाले.

"डबा तयार ठेवते," अक्का म्हणाली.

मुलीने दाजींना समोरच्याच शाखेत नेमलं. लाल सदरा त्यांच्या मापाचा नव्हता, म्हणून दोन सदरे उसवून एक शिवला, तोही अक्काने. पहिल्याच दिवशी दाजींनी गाळणी घ्यायला आलेल्या बाईला सांगितलं की हिची जाळी आठवड्यात निघेल. आठवड्याने त्या शाखेची विक्री उतरली. मुलीने त्यांना खेळण्यांकडे पाठवलं. तिथे त्यांनी एका आईला सांगितलं की गाडी चांगली आहे, फक्त चाकं धरायची नाहीत. मग त्यांना गोदामात पाठवलं. तिथे बोलायला कोणी नव्हतं, आणि घरी आल्यावर ते पुन्हा भिंतीकडे बघू लागले. अक्काने भाचीला फोन केला.

"आत्या, कुठे ठेवू सांग ना! जिथे ठेवते तिथे धंदा बसतो."

"विकत घेतलंय बाई तुम्ही. परत घेत नाही मी."

एका भांडीवाल्याचं दुकान घ्यायचं कधीपासून अडून राहिलं होतं. म्हातारा हो म्हणायचा आणि आयत्या वेळी फिरायचा. केवळ गोदामातून बाहेर काढायचं म्हणून मुलीने दाजींना दलालाबरोबर तिकडे धाडलं. दाजी गेले आणि म्हाताऱ्याशेजारी स्टूल ओढून बसले. भाव विचारून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल दोघे बोलले, बसून बसून दुखणाऱ्या कमरेबद्दल बोलले. दाजींनी एका पातेल्याला टिचकी मारली. म्हातारा म्हणाला, "जुना माल आहे." दाजी म्हणाले, "आवाजावरून कळतंय." जेवणाच्या वेळेपर्यंत म्हातारा स्वतःच उठला आणि किल्ली घेऊन बाहेर आला.

तेव्हापासून दाजी रोज बाहेर जाऊ लागले. सदरा सुटला, साधा पांढरा शर्ट आला. त्यांना काही युक्ती करावी लागत नसे. ते दुकानदारासारखे दिसत, दुकानदारासारखे बसत, आणि आमचंही असंच होतं हो, असं म्हणत. तेही खरंच होतं. जी दुकानं वर्षभर अडून राहत, ती दोन भेटींत मिळू लागली. त्यांच्या जागी शाखा निघत गेल्या, आणि शेजारच्या गावांत कंपनीचे ट्रक फिरू लागले. दाजींची तब्येत सुधारली. अक्का शेजारणीला सांगायची, "आता तर जेवतानाही बोलतात. मीच म्हणते, गप्प बसा जरा."

एका संध्याकाळी दाजी घरी आले, पाय धुतले आणि चहा घेता घेता सांगू लागले.

"आज कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. भला माणूस. सगळं ठरलं, पण त्याची बायको त्याला खुर्चीतून उठूच देईना. म्हणाली, एका बाईने असं केलं होतं म्हणे, मीही करणार."

अक्काने कप खाली ठेवला. "मग?"

"मग दलाल हसायला लागला. मी त्याला गप्प केलं. त्या माणसाशेजारी बसलो, समजावलं, आणि हाताला धरून बाहेर आणलं."

"काय समजावलंत?"

"म्हटलं, घरी बसायचीही सवय होते."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. दाजींनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि भाचीला फोन लावला.

"त्या कुलूपवाल्याला ठेवून घ्या ना कुठेतरी," ती म्हणाली. "नियम आहे ना तुमचा."

"आत्या, तो नियम काढून टाकला. आता लेखी करार असतो. कोणता माल घेणार ते आम्ही आधी निवडतो."

"कधी काढला?"

"तुझ्यानंतर लगेच," भाची हसत म्हणाली. "सगळ्यांनी नवरे आत ठेवून कुलूप लावलं असतं तर आम्ही काय केलं असतं? बरं, त्यांना सांग, उद्या लवकर निघायचंय. नवीन गाव आहे, एका बाजारपेठेतली सगळी लहान दुकानं एकदम बघायची आहेत. त्यांच्याशिवाय ते काम होणार नाही."

अक्काने फोन ठेवला. बाहेरून दाजींनी विचारलं, "कोणाचा होता गं?"

"तुमच्या मालकिणीचा. उद्या लवकर बोलावलंय, नवीन गावाला."

"मग शर्ट?"

तिने कपाटातून शर्ट काढून टेबलावर पसरला आणि इस्त्रीचं बटण दाबलं. इस्त्री तापेपर्यंत अक्का तिथेच उभी राहिली. मग कॉलरपासून सुरुवात केली.