लाल फडक्याखालचा कॉम्प्युटर

घोडेगावजवळच्या दूध संघात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. साल १९९७. जनावरांच्या लसींची नोंद ठेवणाऱ्या दोन कॉम्प्युटरांना म्हणे भूत लागलं होतं! या खिडकीवर लिहिलेली गाय घटकाभरात यादीतून गडप. रतनबाईंच्या गाईला तर त्यापायी दोनदा सुई टोचली.

आठवड्यापूर्वी मांत्रिक गहिनीनाथबाबांनी जुन्या कॉम्प्युटरवर लिंबू-मिरची बांधली आणि नवा बंद करून त्यावर लाल फडकं टाकलं. "ह्या दोघी सवती हायेत! धाकटीला झोपवली, आता थोरली गुमान नांदंल!" आणि खरंच, आठवडाभर एकही गाय हरवली नाही. झालं, बाबांचा जयजयकार!

एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले? आज भरल्या गर्दीत ते म्हणाले, "देव न मानणाऱ्या पोरीचा हात लागला, म्हणून बाधा झाली. तिला काढा!"

पोरगी म्हणजे दीपा. 'सी' या कॉम्प्युटरच्या भाषेत नोंदींचा हा प्रोग्राम तिनंच लिहिलेला. चेअरमन राधाकृष्णअण्णांनी लगेच मान डोलावली, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढा खुशाल! पण आधी सगळ्यांदेखत हे फडकं निघेल. लिंबू राहू दे जागेवर."

तिनं नवा कॉम्प्युटर सुरू केला. एका खिडकीवर रतनबाई, दुसऱ्या खिडकीवर गर्दीतले एक शेतकरी, छगनराव. दोघांच्या गाई एकदमच लिहायला लावल्या. रतनबाईंची गाय गडप!

"अगं बया! लिंबू असून?" रतनबाई ओरडल्या.

"लिंबाला काय कळतंय, मावशी? दोन्ही यंत्रं एकच फाईल उचलतात, आपापलं लिहून परत ठेवतात. मागून ठेवणारा आधीच्याचं पुसतो. जुन्यात मी कुलूप घातलं होतं, पण नव्याची सिस्टीम वेगळी, तिला ते दिसतच नाही. बाबांनी एक यंत्र बंद केलं, मग पुसणार कोण?"

"मग उतरव की तुझं भूत!" बाबा गरजले.

दीपानं लिंबू तोडून फेकलं आणि आठवडाभर खपून लिहिलेला नवा प्रोग्राम दोन्हीकडं चढवला.

"न्हाणीघराबाहेर चपला दिसल्या की आपण थांबतो ना? तसंच. लिहिण्याआधी यंत्र तिथं एक रिकामी फाईल बनवतं. ती आधीच असेल तर दुसऱ्यानं थांबायचं. काम झालं की चपला उचलायच्या. एवढं दोन्ही सिस्टीमना कळतं."

पुन्हा दोन्ही गाई एकदम लिहिल्या. दोन्ही जागेवर!

रतनबाईंनी फडकं बाबांच्या हातात कोंबलं. "घ्या तुमचं. माज्या गाईला दोनदा सुई टोचली, तवा कुटं हुता?"

अण्णा खाकरले. "दीपा, कामाला लाग पोरी."

"लागते. पण अण्णा, पुढल्या खेपेला कुणी चमत्कार दाखवला, तर मला काढण्याआधी एवढंच विचारा, त्यानं फडक्याखाली बंद काय केलं?"