शेंड्यात अडकलेले हसबनीस

त्या राखीव रानात बाहेरून आलेल्या माणसाचं वजन हळूहळू उतरतं आणि शेवटी माणूस वर जातो. प्रमोदिनीबाई हसबनीस दुपारी तिथल्या पर्यटक-निवासावर पोचल्या तेव्हा त्यांचे यजमान अगोदरच वर गेलेले होते, अंगणासमोरच्या जांभळीच्या शेंड्यापर्यंत. तिथल्या फांदीला पाय अडकवून ते थांबले होते. गळ्यातली दुर्बीण पट्टा ताणून त्यांच्या डोक्यावर तरंगत होती.

निवास महादेव कोळी बायकांच्या गटाचा होता. गटाची प्रमुख ठकूबाई भालचिम ओसरीवर हिरडे निवडत होती.

"आल्या आल्या कमरेला दगड बांधून दिलं व्हतं त्येंना," ती म्हणाली. "समद्याच पावन्यांना बांधतो. पर टोचतंय म्हनून सोडलं. धनेस पाखराची ढोली बघायची व्हती."

"मग उतरवा की खाली."

"शेंडा आमच्या भारानं मोडंल. आमचं वजन हितलंच, ते कमी व्हत न्हाई. दोर फेकला, तर त्यो बाजारातला. त्योच वर गेला."

प्रमोदिनीबाईंनी पाहिलं. दोर ढगाखाली वेटोळं करून पडला होता.

"अगं, आलीस का?" वरून हसबनीसांनी विचारलं. "इथून ढोली छान दिसते. मादी आत आहे."

"चहा झाला का तुमचा?"

"कपात राहत नाही."

ठकूबाईने आवाज खाली आणला. "सांजच्याला वारं सुटतं, ताई. मागल्या साली येक साहेब तसंच गेलं. त्येंच्या घरची मान्सं अजून येत्यात, वर बघत्यात आन् जेवून जात्यात."

"मी कधी हलकी होईन?"

"परवापतुर."

"मला आज व्हायचंय."

"मग हितलं खावा. हितलं पोटात गेलं की भाईरचं सुटतं."

प्रमोदिनीबाई जेवायला बसल्या. नागलीची भाकर, वरईचा भात, हुलग्याचं शेंगोळं. भूक केव्हाच भागली, तरी त्या थांबल्या नाहीत. कुणी आग्रह करत नव्हतं. त्याच स्वतःला आग्रह करत होत्या. वर तांब्याभर झऱ्याचं पाणी प्यायल्या. उठताना पाय जमिनीला लागेनात, तेव्हा त्या म्हणाल्या, "दगड द्या."

कमरेला दगडांची ओटी बांधून, पदर खोचून त्या जांभळीवर चढल्या. लहानपणानंतर प्रथमच. हात सोलवटले, श्वास लागला, पण फांदी कुठेच वाकली नाही. शेंड्यात पोचून त्यांनी ओटी सोडली आणि यजमानांच्या पोटाला गुंडाळली.

"टोचतात गं."

"टोचू देत."

गाठ बसली तसे हसबनीस सावकाश खाली निघाले. ते जितके उतरले तितक्या प्रमोदिनीबाई वर गेल्या. हातात शेवटची डहाळी राहिली आणि त्यांचे पाय आभाळाकडे झाले.

खालून हसबनीस ओरडले, "आता तू कशी येणार?" त्यांना झाडावर चढता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं.

"ताई," ठकूबाई म्हणाली, "रानाच्या येशीपतुर झाडाला झाड लागून हाय. येशीभाईर वजन परत येतं."

"किती?"

"समदं. येकदम."

प्रमोदिनीबाईंनी थोडा विचार केला आणि पुढची फांदी धरली. डोकं खाली, पाय वर, अशा त्या हातांनी रानाच्या माथ्यावरून चालू लागल्या. जांभळीवरून हिरड्यावर, हिरड्यावरून आंब्यावर. खाली पाचोळ्यातून हसबनीस दगड वाजवत चालले होते.

"डावीकडे शेकरू आहे बघ!"

"मला माझ्या हातांकडे बघायचंय," त्या म्हणाल्या.

वारा सुटला. साडी फडफडून वर ओढू लागली. एक फांदी कडकन तुटली आणि त्या एका हातावर राहिल्या. दुसऱ्या हाताने वेल चाचपला, मनगटाला पीळ घातला आणि पुढे सरकल्या. भीती वाटत होती. ती वाटू दिली, हात मात्र थांबवले नाहीत.

शेवटचं झाड उंबराचं होतं. त्यापुढे वेशीच्या चुना लावलेल्या दगडांची ओळ, मग उघडा माळ. ओळीपलीकडे बायकांनी निवासातल्या साऱ्या गोधड्या एकावर एक रचल्या होत्या. एवढ्या उंचीवरून तो ढीग फार मोठा दिसत नव्हता.

"वारं भाईरच ढकलतंय," ठकूबाई हाताचा भोंगा करून म्हणाली. "पर आदी वर किती न्हेईल, ते सांगता येत न्हाई."

हसबनीसांनी ओळ ओलांडली, दगड सोडून टाकले आणि गोधड्यांवर चढून दोन्ही हात पसरले.

"बाजूला व्हा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"नाही होणार."

"अहो, माझं वजन ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे," ते म्हणाले आणि पाय आणखी रोवून उभे राहिले.

मागून सगळं रान वाजत आलं. प्रमोदिनीबाईंनी मूठ उघडली.