सूनबाईंचा कान

स्पीकर दुरुस्तीत अप्पांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. स्पीकरचा फाटलेला कागदी कोन चिकटवावा तर त्यांनीच. मुलाला या कामात रस नव्हता, तो नोकरीला लागला. सून मात्र लग्नानंतर काही दिवसांनी स्वतःहून दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "अप्पा, मला शिकवा."

अप्पांनी मनावर घेतलं. एक स्पीकर उघडून तिच्यापुढे ठेवला.

"हा मोठा तो वूफर, जाड आवाज याचा. हा वाटीएवढा ट्वीटर, बारीक आवाज याचा. आणि कुठला आवाज कुणाकडे पाठवायचा, ते ठरवतो हा क्रॉसओव्हर."

"म्हणजे आपल्या घरात आई," सून म्हणाली.

दुकानामागच्या स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय बरं मला!" अप्पा पोट धरून हसले.

मग ओहम झाले, वॅट झाले. "वॅट म्हणजे स्पीकर किती ताकद सोसेल ते. किती मोठ्यानं वाजेल ते नव्हे. गिऱ्हाईक इथंच फसतं," अप्पा सांगत. सून प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची आणि अप्पांना ते मनापासून आवडायचं.

एकदा गाण्याच्या शिक्षिका दोन स्पीकर घेऊन आल्या. "यातल्या एकातून गाणं घोंगडी पांघरून आल्यासारखं वाटतं हो. शनिवारी मुलींचा कार्यक्रम आहे."

अप्पांनी दोन्ही आळीपाळीनं वाजवले. डोळे मिटून ऐकलं. "दोन्ही सारखेच आहेत, बाई. हॉलचा दोष असेल."

बाईंचा चेहरा पडला. सून जरा घुटमळली, मग म्हणाली, "अप्पा, डावीकडच्यात 'स' नाही."

"स नाही म्हणजे?"

"उजवीकडून 'सूर' ऐकू येतं. डावीकडून नुसतं 'ऊर'."

"अगदी तेच!" बाई म्हणाल्या.

अप्पांच्या कपाळावर आठी पडली. "मीटर लाव."

सुनेनं डावीकडच्या ट्वीटरला मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. आतली तारेची कॉइल जळून तुटली होती.

अप्पांनी उजवीकडचा स्पीकर पुढे ओढला. मग म्हणाले, "या चांगल्यातल्या वूफरची वायर काढ. नुसता ट्वीटर वाजव."

तिनं वाजवला. बाई मान डोलवू लागल्या, सुनेची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. अप्पांनी कान अगदी जवळ नेला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

जन्मभर कर्ण्यांपुढं बसून कान झिजले होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पण समोर सून उभी होती. पुढ्यात गुरू आणि गिऱ्हाईक दोघं असताना, जे ऐकलं ते तिनं सरळ सांगितलं होतं. अप्पांची छाती आपोआप फुगली.

"बाई, माझं म्हणणं मागे घेतो. बारीक आवाज माझ्या कानात शिरत नाहीत आता. हिच्या शिरतात."

"अप्पा, तसं काही नाही..." सुनेचे डोळे भरून आले.

"तसंच आहे. नवा ट्वीटर बसव. आणि जुना कशानं जळला, ते बाईंना तूच सांग."

सुनेनं डोळे पुसले. "बाई, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर छोटा आहे ना? तो पूर्ण चढवला की आवाज फाटतो, आणि त्याचा मार बसतो ट्वीटरला. जरा मोठा घ्या आणि बेतानं वाजवा."

एकाही शब्दाची दुरुस्ती करायची वेळ अप्पांवर आली नाही.

शनिवारी हॉल भरला होता. मुली गायला उभ्या राहण्याआधी हॉलचे व्यवस्थापक धावत अप्पांकडे आले. "अप्पा, एकदा आवाज बघता का?"

अप्पा खुर्चीत आणखी ऐसपैस बसले. "आवाजाचं आमच्या सूनबाई बघतात."

व्यवस्थापक स्पीकरपाशी उभ्या असलेल्या सुनेकडे वळले. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं काही विचारलं नव्हतं, तरी अप्पा त्याच्याकडे झुकून म्हणाले, "ती तिकडं उभी आहे ना, ती आमची सून."