ढगाखालचा सूर्य

मी एक जुना ताबुह आहे, मित्रांनो; मशिदीच्या ओट्यावर टांगलेला मोठा नगारा. फणसाच्या खोडातून मला कोरले आणि तोंडावर म्हशीचे कातडे ताणून बसवले. सुमात्राचा समुद्र अगदी माझ्यासमोर आहे, त्यामुळे रोजचा सूर्यास्त मला बसल्या जागी दिसतो.

रमजानात तर माझा रुबाब विचारू नका. सूर्य पाण्यात पुरता बुडाला की सफ्रिलने मला बडवायचे आणि मगच अख्ख्या गावाने रोजा सोडायचा. सफ्रिल अंगाने काटकुळा, पण हाताचा दणकट. ती शेवटची लाल कड बुडेपर्यंत तो पापणी लवू देत नसे.

एका वर्षी मात्र घात झाला. सूर्य काळ्या ढगात शिरला, पश्चिम विझली आणि सफ्रिलने टोला हाणला. घराघरांत खजूर तोंडात गेले. तेवढ्यात ढगाच्या खालून, पाण्यापासून चांगला वीतभर उंच, सूर्य पुन्हा बाहेर आला. लोक तोंडातला घास तसाच धरून किनाऱ्यावर धावले. समुद्र, होड्या, माणसांचे चेहरे, सगळे केशरी झाले होते. इतका सुंदर सूर्यास्त मी ना आधी पाहिला ना नंतर, आणि अख्ख्या गावाने मिळून पाहिलेला तो एकच.

तो बुडाला आणि मग तोंडे सुटली. प्रत्येकाला एक रोजा पुन्हा धरावा लागणार होता.

"सफ्रिलकाका, उद्या दुपारीच वाजवा, म्हणजे जेवण तरी गरम मिळेल."

सर्वांत जास्त संतापली ती त्याची बायको रोस्मा. तिने तर पाण्याचा तांब्याच रिकामा केला होता. विहिरीवर बायकांनी तिला महिनाभर टोचून खाल्ले.

पुढच्या वर्षी भोंगा आला, छापील वेळापत्रक आले. आता लोक घड्याळाकडे बघतात, पश्चिमेकडे कोणीच नाही. माझ्या कातड्यावर बुरशी चढली, पोटात पालींनी संसार थाटला. सफ्रिल तेवढा रोज यायचा. बसण्याआधी मशिदीशेजारच्या आपल्या घराकडे हाक मारायचा, "रोस्मा, चल ना बघायला."

चुलीपुढून उत्तर यायचे, "तुमचा सूर्य एकदा पाहिलाय मी. पुरे झाला."

मग तो एकटाच बघायचा आणि कड बुडाली की माझ्यावर एक टिचकी मारायचा, मला एकट्यालाच ऐकू येईल अशी. अशी एकोणीस वर्षे गेली.

गेल्या पावसाळ्यात सफ्रिल वारला. सूर्य रोज बुडत राहिला, पण टिचकी नाही. सुंदर गोष्ट एकट्याने पाहणे किती जड असते, ते मला तेव्हा कळले.

काल रोस्मा आली. पदराने तिने माझी बुरशी पुसली आणि सफ्रिलच्या जागेवर बसली. सूर्य ढगात शिरला. थोड्या वेळाने भोंगा वाजला, लोक नमाजाला आत गेले. ती हलली नाही.

"थांबू या जरा," ती मला म्हणाली, "फसवतो तो."

सूर्य काही पुन्हा बाहेर आला नाही. अंधार पडेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने चाचपडत माझ्यावर एक टिचकी मारली.

मित्रांनो, तुम्हाला कोणी सूर्यास्त बघायला हाक मारली, तर चुलीवरचे भांडे खाली उतरवा आणि जा.