ओळंब्याला काही वाटत नाही

मित्रांनो, दोरीला लटकून ज्याचं सगळं आयुष्य गेलं असा मी एक जुना पितळी ओळंबा आहे. गोल पोट, खाली निमुळतं टोक आणि वजन पाऊण किलो. माझ्या जन्माविषयी कोणी विचारलं, तर राजाच्या तोफेचं पितळ वितळवून मला ओतलं असं मी सांगतो. खरं म्हणजे एका कारागिराने फुटक्या नळांच्या तोट्या वितळवल्या आणि त्यांतून मी निघालो. एकदा मला एका मनोऱ्यावरून इतकं खाली सोडलं होतं की वर दुपार होती आणि माझ्यापाशी दिवेलागण झाली होती. हेसुद्धा तुम्ही मनावर घेऊ नका.

तर थापा मारण्यात मी कोणाला हार जाणारा नाही. पण दोरीला लटकलो, हलायचा थांबलो, की मला थाप मारता येत नाही. जमीन मला सरळ खाली ओढते आणि मी सरळ राहतो. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

माझा मालक गवंडी. सगळे त्याला सरळमामा म्हणत. भिंत सरळ बांधायचा म्हणून, आणि बोलायचाही इतका सरळ की पाहुणे त्याच्याकडे दुसऱ्यांदा येत नसत. मला वापरायची रीत सोपी आहे. माझ्या दोरीत एक लाकडी ठोकळा ओवलेला असतो. त्याची रुंदी बरोबर माझ्या पोटाएवढी. ठोकळा भिंतीच्या वरच्या कडेला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. माझं पोट भिंतीला नुसतं शिवलं, तर भिंत सरळ. दाबून बसलं किंवा लांब राहिलं, तर भिंतीत खोट.

तो ठोकळा मामीने करून दिला होता. मोडक्या स्टुलाच्या पायाचं मऊ लाकूड होतं. "तुम्ही तासाल तर तेवढंच वाकडं निघेल," असं म्हणून तिने ते स्वतः घासलं. मामीच मामाला दर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात घेऊन जायची. गाणं सुरू झालं की मामाचे डोळे भरून यायचे. कोणी बघितलं तर म्हणायचा, सिमेंट गेलं डोळ्यात. रविवारी, धुतलेल्या सदऱ्यात, कुठलं सिमेंट?

मग मामी तीन दिवसांच्या तापात गेली.

मामा रडला नाही. चिडलाही नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, दिवा मालवला की आडवा व्हायचा. मी आठ महिने पत्र्याच्या पेटीत थाप्यांखाली पडून होतो. अंगावर हिरवा डाग चढला, दोरी कुजली. ठोकळा मात्र मामाने काढून खिशात ठेवला होता. चालताना, बसताना, कोणी बोलत असताना त्याचा अंगठा त्या ठोकळ्यावरून फिरत राहायचा. मामा पुन्हा कामाला लागला, मला नवी दोरी मिळाली, तिच्यात ठोकळा परत ओवला गेला, तरी अंगठा थांबला नाही. गवंड्याचा अंगठा म्हणजे काचकागदच. असं वर्ष गेलं.

मामा मंदिरात जात होता, पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून वाटतात ती, भाकर पुढे आली की मान खाली घालून ताट पुढच्या माणसाकडे सरकवायचा.

त्या मंदिराची मागची भिंत खचली आणि ती नव्याने बांधायचं काम मामाकडे आलं. त्याच भिंतीवर क्रूस लागायचा होता. भिंत पुरी झाली त्या दिवशी मंदिराचे पाळकसाहेब खाली येऊन उभे राहिले. परांचीवर मामा थापी धूत होता.

"मिस्त्री, येत्या रविवारी या भिंतीपुढेच प्रभुभोजन आहे. तुम्ही घ्याल ना?"

"नाही."

"का, ते विचारू?"

"मला काही वाटत नाही, साहेब. पूर्वी वाटायचं. आता प्रार्थनेला बसतो तेव्हा वाळूचं पोतं बसल्यासारखा बसतो. आतून काही येत नाही. मग हे सगळं खरं आहे असं कोणत्या तोंडाने म्हणू? म्हटलं तर ते खोटं होईल."

पाळकसाहेब म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो," आणि पायाला लागलेला चिखल बघत निघून गेले.

सिमेंट-वाळूचा माल कालवणारी मावशी तेव्हा भिंतीवर पाणी मारत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. नळी धरून ती थांबली.

"मामा, तुमची भिंत वाकून माझ्या डोक्यातल्या उवा बघतेय."

"दर थराला ओळंबा लावलाय मी."

"लावला असेल हो. पण वरनं थेंब पडतोय तो पायाशी पडायला हवा की नको? हा बघा, बोटभर लांब पडतोय. आता पाण्यालाही खोटारडं म्हणा."

मामा खाली उतरला. थेंबांकडे बघितलं. मग त्याने मला हातात घेतलं आणि ठोकळा माझ्या पोटाशी लावला. ठोकळा झिजला होता. मी होतो तेवढाच होतो. मी नेमका शिवावा म्हणून मामा दर थराला भिंत जराजरा आपल्याकडे ओढत गेला होता.

"गिलाव्यात झाकता येईल," मावशी हळू आवाजात म्हणाली. "कोणाला कळणारेय?"

मामाने गाठ सोडून ठोकळा काढला, परांचीच्या बांबूला मला नुसत्या दोरीने टांगलं आणि टेपने वर माप घेतलं, खाली माप घेतलं. वर चार बोटं, खाली पाच. मी हलायचा थांबलो होतो, तरी तो माझ्याकडे बघतच राहिला. मावशीने नळी बंद केली.

"मावशी, ह्याला काही वाटतं का हो?"

"कोणाला? ओळंब्याला? ऊन लागलं का तुम्हाला?"

"काही वाटत नाही. पितळ आहे. आणि मला काय वाटतं, तेही हा विचारत नाही." त्याचा अंगठा ठोकळ्यावर फिरत होता. त्याने तो थांबवला. "मी हे लाकूड धरून बसलो. प्रभू माझ्यासाठी मेला आणि उठला. ते मला रडू यायचं तेव्हा खरं होतं, तर आता नाही का? मी झिजलो, म्हणून ते वाकडं झालं?"

"ते मला काय विचारता? भिंतीचं बोला."

"भिंत पाडायची."

आणि पाडली, मित्रांनो, पार पायापर्यंत. पाळकसाहेबांना त्याने आपल्या पद्धतीने सांगितलं: "साहेब, चूक माझी. माप झिजलं होतं. क्रूस वाकड्या भिंतीवर लावू देणार नाही. रविवारी ताडपत्रीवर भागवा." पाळकसाहेबांनी त्या ढिगाकडे बघितलं. मग ताडपत्री आणायला स्वतःच गेले.

रविवारी मी मामाच्या खिशात होतो, म्हणून हे पदरचं सांगत नाही. वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती. गाणं झालं. मामाचे डोळे कोरडेच राहिले. भाकरीचं ताट आलं. त्याने दोन्ही हात पुढे केले, तुकडा घेतला आणि खाल्ला. द्राक्षरसाचा प्यालाही घेतला. आकाश उघडलं, प्रकाश पडला, असं मला सांगता आलं असतं. तसलं काहीही झालं नाही.

सोमवारी सकाळी मावशीने माल कालवायला घेता घेता विचारलंच. "काय मामा, काल वाटलं का काही?"

"नाही."

"अन् तरी घेतलंत?"

"घेतलं. खरं आहे म्हणून घेतलं. पाणी जरा कमी घाला, माल पातळ होतोय."

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला कधीतरी तेलाचा हात लावा, ओली पेटीत टाकू नका. ठोकळा महिन्यातून एकदा तरी आमच्या पोटाशी लावून बघा आणि झिजला असेल तर नवा करा. मनाला काही वाटेनासं झालं, तरी आम्हाला फेकू नका. दोरीला टांगा आणि हलायचं थांबेपर्यंत थोडा दम धरा.